टाचेचा फोड आणि सात हजार पाउंडांचं बिल

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात गेली अठरा वर्षं मी पासपोर्ट, व्हिसा आणि परदेश प्रवासाच्या विम्याचे कागद भरून देते. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्यांत निम्मे तरी मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेले आई-वडील असतात. त्यातल्याच एका जोडप्याचं हे प्रकरण. लिहायला काका-काकूंनी स्वतः परवानगी दिली. अट एवढीच घातली की नाव नको, इंग्लंडमधल्या गावाचं नको आणि हॉस्पिटलचं तर नकोच. ती पाळते आहे.

एवढ्या तपशिलात लिहायचं कारण असं, की यात एकच गैरसमज दोनदा झाला आणि दोन्ही वेळा उलट्या दिशेने. आधी सगळ्यांना वाटलं की तिथं सगळं फुकट आहे. तसं नाही हे कळल्यावर वाटलं की दवाखान्याच्या दारात पाय ठेवला की मीटर सुरू होतो. पहिल्या समजुतीने पैसे गेले, दुसरीने पाय जाता जाता वाचला. पहिल्या चुकीत माझाही हात आहे आणि ते मला इथं स्वच्छ लिहायचं आहे.

माणसं आणि कागद

काका तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. रेल्वेतून निवृत्त. मधुमेह १९९८ पासून, गोळ्यांवर. नोकरीत होते तेव्हापासून दुखलं-खुपलं की प्रतापनगरचं रेल्वे हॉस्पिटल. कार्ड दाखवायचं, तपासून घ्यायचं, औषधांची पिशवी घेऊन घरी यायचं. दवाखान्याचं बिल म्हणतात तो कागद त्यांच्या हातात आयुष्यात कधी आलाच नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते या सवयीशिवाय समजणार नाही. सरकारी दवाखाना आणि पैसे या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकत्र येतच नव्हत्या.

मुलगा संगणक क्षेत्रात, २०२२ पासून बायको आणि लहान मुलीसह इंग्लंडात. व्हिसा काढताना त्याने तिघांचा तीन वर्षांचा इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरला होता. ब्रिटनमध्ये कामासाठी किंवा शिकायला सहा महिन्यांहून अधिक राहायला जाणाऱ्या बहुतेकांना हा व्हिसाबरोबर आगाऊ भरावा लागतो. एप्रिल २०१५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पाउंड होता, २०१९ मध्ये ४०० झाला, २०२० मध्ये ६२४ आणि फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५. मुलाने भरला तेव्हा मोठ्यांना ६२४ आणि मुलांना ४७० असा दर होता. म्हणजे दोघांचे ३,७४४ आणि छोटीचे १,४१०, मिळून ५,१५४ पाउंड. वर पगारातून दरमहा कापला जाणारा कर वेगळा. त्यामुळे फोनवर तो आई-बाबांना म्हणाला, "मी इथं पाच हजारांच्या वर भरलेत. तुम्ही माझ्याकडेच येताय. तुम्हाला कोण पैसे मागणार आहे?"

त्याचं काही खोटं नव्हतं, फक्त हिशेब चुकीच्या वहीत लिहिलेला होता. सरचार्ज ज्याच्या नावाने भरला त्याच्यापुरताच असतो. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर जाणाऱ्याकडून तो घेत नाहीत आणि म्हणून त्याचं संरक्षणही मिळत नाही. भारत आणि ब्रिटन यांच्यात उपचारांचा परस्पर करारही नाही.

आता माझा भाग. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा हवा असेल तर निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाला तशी सक्ती नाही, म्हणून पुष्कळ जण घेतच नाहीत. मी मागे लागून काकांना घ्यायला लावला. प्रपोजल फॉर्म भरताना "आधीपासूनचा काही आजार?" या रकान्याशी आलो. काका म्हणाले, "साखर थोडीशीच आहे गं. गोळीवर कंट्रोलमध्ये आहे. लिहिलंस तर हप्ता वाढेल." मागे तीन माणसं उभी होती. मी "नाही" वर खूण केली आणि काकांनी सही केली. एवढंच. अर्धा मिनिटही लागला नाही.

मोतीबिंदूचं पत्र

मे २०२४ च्या सुरुवातीला दोघं तिकडे पोचली. परतीचं तिकीट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं. काकांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला आला आहे असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मुलाच्या मनात होतं की आलेच आहेत तर तिथंच करून टाकू. तो त्यांना जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेला. तात्पुरते पेशंट म्हणून नाव घेतलं, तपासलं, हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. कोणी एक पेनी मागितली नाही. घरी सगळे खूश.

तीन आठवड्यांनी हॉस्पिटलचं पत्र आलं. आपण इथले रहिवासी नाही, ही शस्त्रक्रिया आपण मायदेशी परत जाईपर्यंत थांबू शकते, म्हणून अंदाजे खर्चाची पूर्ण रक्कम आधी भरावी लागेल. रक्कम वाचून काकांनी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. त्या दिवसापासून घरातलं वातावरण बदललं, असं काकू सांगतात. जीपीकडची भेट फुकट झाली होती हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. उलट त्याचंही बिल मागाहून येईल असं वाटायला लागलं. त्यातच मराठी मंडळींच्या एका जेवणात कोणीतरी सांगितलं की अमक्याच्या सासऱ्यांना दोन रात्रींचे आठ हजार पाउंड पडले. कोणते उपचार, कशासाठी, काही नाही. नुसता आकडा. आकडे असेच फिरतात, मागचं-पुढचं काही न घेता.

पायमोजा

रोज संध्याकाळी काका नातीला घेऊन बागेत जायचे. मुलाने त्यांना तिथं नवे बूट घेऊन दिले होते. जूनच्या मध्यावर उजव्या टाचेला बुटाने घासून फोड आला. मधुमेहाने पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. जिथं तुम्ही-आम्ही पहिल्याच दिवशी लंगडलो असतो तिथं काकांना फारसं काही जाणवलंच नाही. फोड फुटला. त्यांनी घरातल्या कापसाने पुसला, वर पट्टी लावली आणि चालायला जात राहिले.

चौथ्या दिवशी काकू कपडे मशीनमध्ये टाकत होत्या. काकांचा एक पायमोजा टाचेपाशी कडक लागला. त्यांनी तो उलटा केला. आत पिवळसर-तपकिरी डाग, रुपयाएवढा, आणि कापडाला चिकटलेली पट्टी. वास आला. काकू मला म्हणाल्या, "मी तो मोजा हातात धरून किती वेळ उभी होते मलाच ठाऊक नाही. मशीन तसंच उघडं." त्यांनी विचारलं तेव्हा काकांनी आधी उडवून लावलं, मग हात जोडून सांगितलं, "मुलाला बोलू नकोस. हॉस्पिटलात नेलं तर आठ-दहा हजार पाउंड कुठून आणणार आहे तो? आपण हळद लावू."

हळद लावली. आणखी दीड दिवस गेला. सहाव्या दिवशी सकाळी काकांना थंडी वाजून ताप भरला, टाचेपासून घोट्याच्या वरपर्यंत पाय लाल आणि गरम. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलाने १११ ला फोन केला. तिथं ही चोवीस तासांची मोफत सल्ल्याची सोय आहे. मधुमेह, ताप आणि पायावर पसरत जाणारी लाली एवढं ऐकल्यावर त्यांनी लगेच इमर्जन्सीत आणायला सांगितलं. काका गाडीत बसेनात. "आधी किती होतील ते विचार, मग येतो." तीन तास या वादात गेले. शेवटी काकू आधी गाडीत जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही नाही आलात तर मी इथून उतरणार नाही." तेव्हा ते आले.

या सहा दिवसांत पैसे न देता काय काय करता आलं असतं, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून नियम जरा नीट सांगते.

दार कुठं बंद होतं

इंग्लंडची नॅशनल हेल्थ सर्व्हिस, म्हणजे एनएचएस, ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. खर्च सरकारी तिजोरीतून, पेशंटने दवाखान्यात पैसे द्यायचे नाहीत, हा तिचा पाया. परदेशी पाहुण्यांकडून पैसे घेण्याचा अधिकार सरकारने पुढच्याच वर्षी, १९४९ साली, कायद्यात घालून घेतला होता. प्रत्यक्ष आकारणी मात्र १९८२ मध्ये सुरू झाली. आता चालतात ते नियम २०१५ चे, २०१७ मध्ये आणखी कडक केलेले. हे इंग्लंडपुरतं, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

मोफत उपचारांचा हक्क ठरतो तो माणूस तिथला नेहमीचा रहिवासी आहे का यावरून. पासपोर्टचा रंग कोणता, कर किती भरला, मुलगा तिथं आहे का, यावरून नाही. माझ्याकडे एक वृद्ध गृहस्थ येतात, ब्रिटिश पासपोर्टवाले, पण कित्येक वर्षं वडोदऱ्यातच राहणारे. ते उद्या लंडनला जाऊन गुडघ्याचं ऑपरेशन करायला गेले तर त्यांनाही बिल येईल. त्यांना हे पटायला मला दोन बैठका लागल्या.

पण पैसे लागतात ते प्रामुख्याने हॉस्पिटलच्या उपचारांना. जीपीने तपासायचे पैसे कोणालाच पडत नाहीत, पाहुण्यालाही नाही. एखाद्या भागात एक दिवसाहून जास्त आणि तीन महिन्यांहून कमी राहणाऱ्याला तात्पुरता पेशंट म्हणून नाव घालता येतं. इमर्जन्सी विभागात तपासणी, रक्त, सलाइन, टाके, जे काही तिथल्या तिथे होतं ते सगळ्यांना मोफत. क्षयरोगासारख्या संसर्गजन्य आजारांचं निदान आणि उपचारही मोफत, कारण तिथं एकाचा आजार सगळ्यांचा होतो. मीटर सुरू होतो तो माणसाला दाखल करून घ्यायचं ठरलं की, किंवा पुढच्या तारखेला बाह्यरुग्ण विभागात बोलावलं की.

काकांच्या टाचेचा फोड पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, कोणत्याही दिवशी त्याच जीपीला दाखवला असता तर एक पैसा लागला नसता. साठीच्या वरच्यांना तिथं चिठ्ठीवरच्या औषधांचेही पैसे पडत नाहीत. अँटिबायोटिकचा एक कोर्स, एक-दोन ड्रेसिंग, बूट बदला. बहुधा एवढ्यात संपलं असतं. हे मला लिहितानाही टोचतं.

दुसरी गोष्ट उपचार अडवण्याची. नियम तीन पायऱ्यांचा आहे. जीव किंवा अवयव वाचवायला आत्ताच करावं लागेल असं काही असेल, तर पैशांसाठी थांबायचं नाही. आत्ताच नाही पण माणूस मायदेशी परत जाईपर्यंत थांबता येणार नाही, तरीही अडवायचं नाही. दोन्हींचं बिल येतं, पण उपचारांनंतर. आणि जे परत जाईपर्यंत थांबू शकतं, त्याचे पैसे आधी; ऑक्टोबर २०१७ पासून हे हॉस्पिटलांना सक्तीचं आहे. कोणता उपचार कोणत्या पायरीवर, हे डॉक्टर ठरवतो, ऑफिसातला माणूस नाही. त्यामुळे त्याच काकांना त्याच हॉस्पिटलने मोतीबिंदूसाठी आधी पैसे मागितले आणि पायासाठी आधी उपचार केले. घरच्यांना यात विसंगती वाटली होती, पण तो एकच नियम होता.

वॉर्डातला फॉर्म

इमर्जन्सीत तासाभरात सलाइन लागलं, रक्त तपासणीला गेलं, पायाचा एक्स-रे झाला. हाडापर्यंत संसर्ग गेलेला नव्हता. संध्याकाळी दाखल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई फाईल घेऊन आल्या. हुद्दा ओव्हरसीज व्हिजिटर मॅनेजर. आवाज मऊ, बोलणं मुद्द्याचं. व्हिसा कोणता, आलात कधी, परतीचं तिकीट कोणत्या तारखेचं, विमा आहे का, बिल कोणत्या पत्त्यावर पाठवायचं. शेवटी सहीची जागा.

काकांनी फॉर्म वाचला आणि पलंगावरून पाय खाली सोडले. हाताला सुई तशीच. "पैसे नाहीत माझ्याकडे. ही काढा, मी जातो." मुलगा ऑफिसला गेलेला, काकू एकट्या. त्यांना इंग्रजी समजतं पण बोलता येत नाही. त्यांनी फक्त काकांचा दंड घट्ट धरून ठेवला. तेवढ्यात राउंडवरची डॉक्टर आली. तिने पलंगाच्या कडेला बसून सांगितलं की हा पाय नोव्हेंबरपर्यंत थांबणार नाही, आठवडाभरही नाही. उपचार करायचे की नाही हे या कागदावर ठरत नाही, मी ठरवते, आणि मी ठरवलं आहे. आणि मग तिने काकांचे पाय उचलून स्वतः पुन्हा पलंगावर ठेवले. काकूंना ते वाक्य पूर्ण कळलं नाही, पण पाय उचललेला कळला.

दाखल करताना डॉक्टरांनी मधुमेह कधीपासून असं विचारलं होतं. काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, सव्वीस वर्षं. ते डिस्चार्जच्या कागदावर आलं.

टाचेचा सडलेला भाग काढून जखम साफ केली. सहा दिवस शिरेतून अँटिबायोटिक. बोटं, टाच, पाय सगळं शाबूत. सातव्या दिवशी काका कुबडी घेऊन घरी आले. पुढचं बरंचसं ड्रेसिंग जीपीच्या दवाखान्यातल्या नर्सने केलं, त्याचे पैसे लागले नाहीत.

बिल

जुलैत बिल आलं: ७,२१५ पाउंड. पाउंड तेव्हा शंभराच्या बराच वर होता; म्हणजे साडेसात लाख रुपयांच्या पुढे. मुलाने फोन करून विचारलं तेव्हा फोड करून सांगितली गेली. या उपचारांचा एनएचएसचा आतला दर ४,८१० पाउंड. व्हिजिटर व्हिसावरच्या पाहुण्याला त्याच्या दीडपट. हे दीडपट २०१५ पासून आहे, आणि त्यामागचं सांगितलेलं कारण असं की पैसे देणारे पेशंट शोधून काढायला हॉस्पिटलांना काही फायदा दिसावा.

विमा कंपनीकडे कागद गेले. सहा आठवड्यांनी दावा नामंजूर. कारण एका ओळीचं: डिस्चार्ज समरीत सव्वीस वर्षांचा मधुमेह, प्रपोजल फॉर्मवर "नाही". अहमदाबादच्या विमा लोकपालाकडे जावं का, यावर मी, काका आणि मुलगा व्हिडिओ कॉलवर तासभर बोललो. मी अर्जाचा मसुदाही केला. पण सही काकांची होती, खूण माझ्या हाताची होती, आणि आमच्यापैकी कोणालाच खोटं रेटून नेता येईना. अर्ज पाठवला नाही. खरं लिहिलं असतं तरी पूर्ण रक्कम मिळालीच असती असं नाही, कारण पुष्कळ पॉलिस्यांत आधीच्या आजारातून उद्भवलेलं वगळतात किंवा फक्त जिवावर बेतलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत देतात. जास्त हप्ता भरून ते जोडून घ्यावं लागतं. पण निदान मागायला तोंड उरलं असतं.

उरला प्रश्न भरायचे कसे. इथं मुलाने एक गोष्ट अगदी वेळेवर केली. बिल ५०० पाउंड किंवा त्याहून जास्त असेल आणि दोन महिने थकलं, तर हॉस्पिटलकडून ती माहिती तिथल्या गृहखात्याकडे जाते आणि पेशंटचा पुढचा व्हिसा त्यावरून नाकारला जाऊ शकतो. हॉस्पिटलशी हप्ते ठरवून घेतले आणि ते पाळले तर तसं होत नाही. त्याने बिल हातात आल्याच्या तिसऱ्या आठवड्यात पगाराची स्लिप, घरभाड्याचा करार, सगळं पुढे ठेवलं. चोवीस हप्ते ठरले; तेवीस ३०० पाउंडांचे, शेवटचा ३१५ चा. ऑफिसातली माणसं त्याच्याशी नीट वागली, हेही तो आवर्जून सांगतो.

ऑगस्टअखेरीस तिकीट अलीकडे ओढून दोघं परत आली. उरलेली जखम प्रतापनगरला भरली. मोतीबिंदू दिवाळीनंतर इथंच काढला.

मला यात काय चुकीचं वाटतं

पाहुण्याकडून पैसे घेण्यात मला अन्याय दिसत नाही. आपल्याकडे चांपानेरचे अवशेष बघायला परदेशी माणसाला आपल्या कैकपट तिकीट पडतं आणि आपण त्यावर वाद घालत नाही. तिथल्या लोकांनी करातून उभी केलेली सोय आहे, आणि मुलाच्या शेजारच्या घरातला माणूस गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनोन् महिने रांगेत थांबला आहे. काकांचे ४,८१० पाउंड मागणं रास्त होतं. वरचे २,४०५ मला पटत नाहीत. तिकीट काढून किल्ला बघायला माणूस आपल्या इच्छेने जातो. तापाने थरथरत इमर्जन्सीत कोणी हौसेने जात नाही. खर्च झाला तेवढा घ्या, आजारी पडल्याबद्दल वर निम्मा कशासाठी?

आणि यातून मिळतं किती? ब्रिटनच्या सरकारी लेखापरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालात २०१५-१६ या वर्षाची आकारणी २८ कोटी ९० लाख पाउंड दिली आहे, आणि त्यातले १६ कोटी ४० लाख सरचार्जचे, म्हणजे मुलासारख्यांनी आगाऊ भरलेले. इंग्लंडच्या आरोग्यसेवेचा वर्षाचा खर्च तेव्हाच १०० अब्ज पाउंडांच्या वर होता. एवढ्यासाठी वॉर्डावॉर्डांत रहिवासाचे कागद तपासायचे, आणि ते तपासताना भलताच माणूसही सापडतो. २०१८ साली तिथं गाजलेलं प्रकरण आहे: तरुणपणी जमैकातून आलेला, चव्वेचाळीस वर्षं लंडनमध्ये राहिलेला माणूस. रहिवासाचा कागद दाखवता आला नाही म्हणून कॅन्सरच्या रेडिएशनसाठी त्याच्याकडे ५४,००० पाउंड मागितले गेले. तो पाहुणा नव्हताच.

पण काकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान केलं ते अर्धवट माहितीने. त्या मोतीबिंदूच्या पत्रात काय पैशांचं आहे ते होतं, काय मोफत आहे ते नव्हतं. निदान काकांना तरी ते कुठं दिसलं नाही. दोन ओळी जास्त असत्या, की तातडीचं काही झालं तर या, तपासायचे पैसे नाहीत, तर तो मोजा काकूंच्या हाती चौथ्या दिवशी लागला नसता. काकांनी पहिल्याच दिवशी पाय दाखवला असता. आणि तेच मी इथून निघताना सांगायला हवं होतं. मी तिकीट सांगितलं, बॅगेचं वजन सांगितलं, लोणचं चेक-इन बॅगेत टाका असं सांगितलं.

आता माझ्या टेबलावर ज्येष्ठ मंडळी आली की आधी गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मागते. पट्टीवरून आजार कळतो, तो फॉर्मवर जातो, हप्ता वाढला तर वाढतो. कोणी "नको लिहूस" म्हणालं तर मी कागद परत देते. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे दुसरीकडे गेली, जाऊ देत. आणि इंग्लंडला जाणाऱ्यांच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये मराठीत मोठ्या अक्षरांतली एक चिठ्ठी घालते. १११ चा नंबर, जीपी आणि इमर्जन्सीला घाबरू नका, दाखल झालात तर बिल येईल पण उपचार थांबणार नाहीत, परतीची तारीख खरी सांगा, बिल आलं की दोन महिन्यांच्या आत बोला.

मार्च २०२५ मध्ये काका पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले. नातीने बोलावलं होतं. ब्रिटनच्या व्हिसा फॉर्ममध्ये, याआधी तिथं वैद्यकीय उपचार घेतलेत का, असा प्रश्न असतो. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी "हो" वर खूण केली, रक्कम लिहिली, हप्त्यांचा करार आणि तोवर भरलेल्या सात पावत्या जोडल्या. मग विम्याचा फॉर्म घेतला. या वेळी पेन काकांनी माझ्या हातातून काढून घेतलं आणि त्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: मधुमेह, १९९८ पासून, उजव्या टाचेची शस्त्रक्रिया २०२४. हप्ता मागच्या वेळच्या अडीचपट आला. भरला.

व्हिसा आला. निघायच्या महिनाभर आधी त्यांनी रावपुऱ्यातून एक नंबर मोठे, आतून मऊ बूट घेतले, आणि रोज सकाळी कमाटी बागेत ते घालून फेऱ्या मारल्या. परत आले की ओट्यावर बसून पाय पुढे करायचे आणि काकू चष्मा लावून दोन्ही टाचा बघायच्या.